धोटणं

८ जानेवारी

दादा,

तू बरा असशील असं धरूनच लिहिते, कारण नसलास तरी सांगणार नाहीस.

तुझ्या कारखान्यात धाडलेल्या माझ्या पोपटाचं पत्र आलं. चारच ओळी. जन्मल्यापासून ज्याच्या तोंडाला कुलूप ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांनी ज्याचं नाव पोपट ठेवलं, त्याने चार ओळी लिहाव्यात! त्यातली एक अशी: "आई, इथे मागांच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, पण मी आता धोटायला शिकलो. मामा म्हणतो, मला चांगलं जमतं."

हे धोटणं काय प्रकरण आहे? शाळेतला जाडा शब्दकोश काढला. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा सापडला, धोटणं नाही. वर्गात मुलांना शब्दांचे अर्थ सांगणारी मी बाई, आणि माझं पोरगं मला न कळणारं क्रियापद वापरतं. सविस्तर लिही.

आणि दुसरं, पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. त्याला भांडणापासून लांब ठेव. त्याच्या बापाचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून यायचं. त्यातच तो सुरीचा वार खाऊन गेला. पोपटाच्या हातावर मला कुणाचं रक्त नको, आणि कुणाच्या हातावर त्याचं नको. तुझ्या मावशीची मुलगी म्हणून हक्काने सांगते. दिलाय तसा परत दे.

तुझी
चिमी


२१ जानेवारी

प्रिय चिमे,

तुझा पोपट ठणठणीत आहे. डब्यातलं अर्धं माझंही खातो.

आमच्या शेडमध्ये माग सुरू झाले की माणूस कानाने आंधळा होतो. शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तुझा श्वास लागेल. म्हणून इथे ओठांनी बोलतात, आवाज न काढता, शब्द जरा ताणून. बोटांची थोडी मदत. त्याला धोटणं म्हणतात. "मला धोट" म्हणजे मला सांग. या टोकाच्या विणकराने त्या टोकाच्याला विचारलं, "डब्यात काय?" तर मधल्या सगळ्यांना कळतं डब्यात काय ते.

शब्द कुठून आला, ते मी सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीखात्यातल्या म्हातारीला विचारलं. तिला सगळे मावशी म्हणतात, मालकसुद्धा. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला पुस्तकात नाही सापडायचा. तो दातांत सापडतो." पूर्वी धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला ओठ लावून चोखून बाहेर ओढावं लागे. विणकर बायका धोटा तोंडाशी धरायच्या आणि चोखता चोखता एकमेकींशी ओठांनी बोलायच्या. त्या वेळच्या मुकादमाच्या ते ध्यानात आलं. त्याने एकीच्या तोंडात तोच धोटा टोकाकडून ठोकला. टोकाला पोलाद असतं. पुढचे दात घशात गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हणत होत्या, "ती धोटली." म्हणजे शब्दाचा पहिला अर्थ बोलणं नव्हेच. बोलल्याबद्दल तोंडावर मार खाणं. मग बायका एकमेकींना विचारू लागल्या, "आज धोटायचं का?" म्हणजे मार खायची तयारी ठेवून बोलायचं का. पुढे मार गेला, बोलणं राहिलं.

मी स्वतः कमी धोटतो. माझं मोडक्या मागांच्या दुरुस्तीचं टेबल साहेबाच्या काचेच्या केबिनखाली आहे. हात चालतात, ओठांवर देवाचं नाव चालतं. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय. या गोंगाटासारखा एकांत दुसरीकडे नाही. साहेबही एके काळी माझ्या शेजारच्या मागावर होता, जेवणाआधी आम्ही तासन्‌तास धोटायचो. नशीब काढलं, वर गेला. आता कानात कापूस घालून बसतो. हे आठवणारे आम्ही दोघंतिघंच उरलो.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवणार होते. दात घशात गेले तिथे थांबले.

मी आपली समजत होते की धोटा जसा इकडून तिकडे जातो तसे शब्द जातात, म्हणून धोटणं. किती छान आणि किती खोटं! टेबलाशी बसून शब्दाचं मूळ शोधलं की ते नेहमी असं गोजिरं निघतं. मावशीला माझा नमस्कार सांग. अजून अर्थ असतील तर कळव, मी टिपून ठेवते आहे.

पोपटाची पत्रं आता दोन ओळींवर आली. त्यातली एक ठेंगूबद्दल असते. ठेंगू असं म्हणाला, ठेंगू तसं म्हणाला. हा कोण? की ठेंगूच्या नावाखाली कांडीखात्यातली कुणी पोरगी आहे? असेल तर सांगून टाक, मी काही डोक्यात राख घालून घेणार नाही.

चिमी


२ मार्च

चिमे,

पोरगी नाही. असती तर बरं झालं असतं.

ठेंगू आमच्यातला सगळ्यात बुटका विणकर. मागाशी पोचायला पाटावर उभा राहतो आणि म्हणतो, "देवाने मला घडी घालून पाठवलंय." पण बाराही खात्यांत त्याच्या शब्दाला वजन आहे.

गेल्या आठवड्यात खिडकीजवळच्या मागाचा धोटा उडाला. मागाला जाळी असती तर जाळीत अडकला असता. जाळ्या मालकाने कधीच काढून ठेवल्या, कारण त्या असल्या की तुटलेलं सूत जोडायला वेळ जातो. धोटा पलीकडच्या विणकराच्या गळ्यात शिरला. तो दोन्ही हातांनी धोटा धरून उभा होता, आणि आमच्याकडे बघून त्याचे ओठ हलत होते. इतकी वर्षं मी ओठ वाचतो, पण ते काय होतं ते वाचता आलं नाही. कापड लाल होत गेलं आणि माग चालूच होता. मी पट्टा पाडून माग थांबवेपर्यंत हातभर विणलं गेलं. ते कापून बाकीचा तागा विकायला पाठवला.

आता जाळ्या बसेपर्यंत सगळे माग एकदम बंद करायचे, असं ठरतंय. ठेंगू हात वर करील तेव्हा. सगळं ठरतं ते धोटून, चालू शेडमध्ये, साहेबाच्या नाकाखाली. पोपट त्यात पुढे आहे. मी त्याला म्हटलं, "जाळीसाठी उभा राहा, मी तुझ्या शेजारी आहे. पण हात खिशात ठेव." तो म्हणाला, "मामा, खिशातल्या हाताला कोण भितं?"

तू टिपून घे. इथे धोटणं याचा आणखी एक अर्थ आहे: शब्द देणं. "मी धोटलोय" म्हणजे आता माघार नाही.

दादा


१९ मार्च

दादा,

इथल्या पेपरात दोन ओळी आल्या. "कापड कारखान्यात दंगा, एक ठार." कोण ठार, ते नाही.

मी कारखान्यात फोन लावला. साहेबाने उचलला. मी विचारलं, माझा मुलगा कसा आहे? तो म्हणाला, "बाई, इथे चांगल्या मुलांना काही होत नाही," आणि ठेवून दिला. हे उत्तर झालं का?

एक ओळ लिही, पण लिही.

चिमी


११ एप्रिल

चिमे,

पोपट जिवंत आहे. अंगावर खरचटलेलंही नाही. उशीर झाला, रागावू नकोस.

ठेंगू गेला. त्या दिवशी तो पाटावर चढला आणि हात वर करणार, तेवढ्यात सुताच्या गासड्यांमागून मालकाची माणसं लोखंडी नळ्या घेऊन निघाली. त्यांना वेळ माहीत होती, माणूस माहीत होता, कुठला हात तेसुद्धा माहीत होतं. पहिली नळी त्या हातावरच पडली. मग गुडघ्यांवर. मग तो खाली दिसेनासा झाला आणि नळ्या वरखाली होत राहिल्या. माग चालू होते, त्यामुळे आवाज काही आला नाही. माणूस मरताना आवाज नसला की ते खरं वाटायला वेळ लागतो. आम्ही धावलो तेव्हा वेळ गेलेली होती. पोपटाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डोक्याला आकार राहिला नव्हता.

तेव्हापासून शेडमध्ये शब्दाला नवा अर्थ फुटला आहे. धोट्या म्हणजे चहाडखोर. आपल्यातला कुणीतरी वर धोटला, असं सगळे धरून चालतात. आता कुणी कुणाकडे बघून ओठ हलवत नाही.

मी शिडीवरून पडलो, जबडा मोडला. इस्पितळात होतो. तारेने बांधलाय, पेज पितो. बोलता येत नाही आणि धोटताही येत नाही, पण हात चालतात, तेव्हा कामावर जातो. काळजीचं कारण नाही.

दादा


२७ एप्रिल

दादा,

हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याच्या मुली माझ्या शाळेत आहेत. फाटकावर तुझ्याच हातात दे, असं त्याला बजावलंय. फोन करता येत नाही, उचलणारा कोण ते तुला माहीत आहे.

पोपट परवा अचानक घरी आला. जेवेना. मी म्हटलं, मामाचा जबडा कसा आहे? तर ताट भिंतीवर फेकलं. मग बराच वेळ खरकटं वेचत बसला. वेचता वेचता म्हणाला, "आई, मामा इस्पितळात होता तेव्हा आम्ही परत धोटून ठरवलेली दुसरी बैठकही फुटली. मग सांगतं कोण?"

मला काय कळणार! मी आपली त्याला बोलतं करायला म्हणून बोलले, तुमचं काय, तिथे सगळेच ओठ वाचतात, साहेबसुद्धा पूर्वी मामाच्या शेजारी मागावर होता म्हणे.

तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा त्याच्या बापाचा झाला. काल रात्रीच्या गाडीने गेला. चप्पल घालायचं भान नव्हतं, ती इथेच आहे.

दादा, शिडीवरून पडणाऱ्याचा हात मोडतो, डोकं फुटतं. जबडा मारल्याने मोडतो. कुणी मारलं ते आत्ता विचारत नाही. आत्ता त्याला धर.

चिमी


१५ मे

चिमे,

लिहायला इतके दिवस लागले, कारण उजवा हात गळ्यात आहे. हे डाव्या हाताने लिहितो आहे. पोलिसांनी तुला कळवलंच असेल. पण माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र ड्रायव्हरने दुपारी दिलं. वाचून मी शेडमध्ये पळालो. पोपट केबिनच्या बरोबर खाली उभा होता, काचेकडे तोंड करून. शेजारच्या विणकराशी बोलतोय असं दाखवून तो साहेबाच्या आईबद्दल काहीतरी धोटला. इतकं घाण, की मला लिहवत नाही. मी वर पाहिलं. साहेब कागदांवरून ताडकन उठला होता आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. कानात कापूस होताच.

आम्ही इतकी माणसं, इतके महिने त्याच्या काचेसमोर कट शिजवत होतो. आवाज नाही म्हणजे कुणाला कळत नाही, असं धरून. मी तर त्याच्या शेजारी बसून धोटलेला माणूस, आणि मलाही सुचलं नाही. वर गेलेला माणूस खालचं सगळं विसरला, असं आपण गृहीत धरतो.

मागावर धोटा पलीकडे ढकलणारा लाकडी सोटा असतो. तो उपसून पोपट जिन्याने वर गेला. मी हाक मारू शकत नव्हतो. मारली असती तरी कुणाला ऐकू आली असती? जबडा तारेत होता. मी वर पोचेपर्यंत साहेब जमिनीवर होता, एक डोळा बाहेर आला होता, कोपरापासून हात उलटा झाला होता, आणि पोपट सोटा डोक्यामागे नेत होता. मी साहेबावर आडवा पडलो. सोटा माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, बाहेरून नाही, आतून.

खालच्यांनी काचेतून पाहिलं आणि माग बंद करत गेले. शेवटचा माग थांबला आणि एकदम शांत झालं. पण पोपट शेडमध्ये ओरडतात तसाच ओरडत होता, ते सगळ्यांना ऐकू आलं. "मामा, बाजूला हो! एकदा तुला मारलंय, आता परत मारायला लावू नकोस!"

म्हणजे तुला आता ठाऊक झालं. शिडी नव्हती. ठेंगू गेल्यावर धोट्या शोधत होते. मी दिवसभर केबिनखाली काचेकडे तोंड करून ओठ हलवतो, ते पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भरलं. सुताच्या गोदामात त्यांनी मला घेरलं. "काय धोटत असतोस साहेबाला?" मी म्हटलं, देवाचं नाव घेतो. एक जण म्हणाला, "देव काय केबिनमध्ये बसतो?" सगळे हसले. पोपट हसला नाही. तो माझा भाचा, म्हणून त्याच्यावरही संशय होता. तो पुढे आला, म्हणाला, "माझा मामा आहे, मीच मारतो." हातात धोटा होता. पोलादी टोक माझ्या जबड्यावर आलं.

मी त्याचा राग धरलेला नाही. त्याने मारलं नसतं तर बाकीच्यांच्या हातात लोखंड होतं. मी रोज देवाला म्हणतो, त्याने मला वाचवलं असं समज.

मावशी इस्पितळात आली होती. म्हणाली, "ठेंगूला मारणाऱ्यासाठी आडवा पडलास होय रे?" मी पाटीवर लिहिलं, त्याच्यासाठी नाही. तिला वाचता येत नाही. परिचारिकेने वाचून दाखवलं. मग मावशी माझ्या खाटेवर टेकली.

साहेब वाचला. खून झालेला नाही. पोपट कोठडीत आहे आणि एक शब्द बोलत नाही. पोलीस अधिकारी माझा जबाब घ्यायला येणार आहेत. खांद्याचं त्यांना माहीत आहे. ओरडणं ऐकलेले शेडमधले सगळे गप्प आहेत, तेव्हा जबड्याचं माहीत नाही. मी शिडी सांगेन. एकच मारहाण, तीही डोकं फिरलं तेव्हाची, एवढ्यावर त्याची सुटका लवकर होईल असं वकील म्हणतात.

दादा


२० मे

दादा,

शिडी सांगू नकोस.

तुझं "शिडीवरून पडलो" मला एका वाचनात कसं कळलं, माहीत आहे? मी लग्नानंतर तीनदा मोरीत घसरले होते. एकदा दार लागलं होतं. तुम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवलात, मीही सांगून सांगून ठेवला. त्याच्या बापाला एकदाही कुणी म्हटलं नाही की हे तू केलंस. तो घरात हात चालवायला शिकला आणि मग बाहेर चालवून मेला. पोपट दाराशी उभा राहून बघायचा. मी त्याला सांगायचे, आई घसरली रे.

त्याने तुला वाचवलं म्हणतोस. तू देवाचा माणूस आहेस, तुला असं दिसतं. मी आई आहे. घेरलेल्या मामाला त्याने पोलादी टोकाने मारलं, कारण चारचौघांत त्याला आपली जागा हवी होती. तेच मला दिसतं. हे त्याच्यावर प्रेम असूनही दिसतं.

वर्षं वाढली तर वाढू देत. मी थांबेन. तो बाहेर येईल तेव्हा मला न घसरलेल्या आईचा मुलगा हवा आहे.

चिमी


२९ मे

चिमे,

काल जबाब झाला. तारा परवाच काढल्या, त्यामुळे शब्द हळू निघत होते. अधिकाऱ्याने घाई केली नाही.

पोपटाला समोर आणून बसवलं होतं. मान खाली. तुझं पत्र आल्यापासून मी देवाजवळ दोन्ही बाजूंनी मागून पाहिलं होतं. एकदा शिडी मागितली, एकदा खरं बोलायला तोंड. मला उत्तर आलं नाही. मग तू म्हणालीस तेच केलं.

मी सांगितलं, गोदाम, सुताच्या गासड्या, कोण कोण होते. त्यांची नावं सांगितली नाहीत, ती ज्याची त्याने सांगावीत. धोटा त्याच्या हातात होता हे सांगितलं. मी देवाचं नाव घेत होतो आणि त्याला ते ठाऊक होतं, हेही सांगितलं. लहानपणी तुझ्या घरी माझ्या मांडीवर बसून तो माझ्या ओठांना बोट लावून विचारायचा, "मामा, आता कितवं नाव?" हेही सांगितलं. अधिकाऱ्याने पाणी दिलं.

मग त्यांनी त्याला विचारलं, "हे खरं आहे का? तुला ठाऊक होतं?"

त्याने मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या जबड्याकडे पाहत राहिला. ओठ हलले, पण आवाज नव्हता. अधिकारी म्हणाले, "मोठ्याने बोल. इथे ऐकू आलं पाहिजे."

तो म्हणाला, "हो. ठाऊक होतं." भिंतीपलीकडे बसलेल्या हवालदारालाही ऐकू गेलं.

भेट मंगळवारी सकाळी असते. तू ये. त्याची चप्पल घेऊन ये, अनवाणी आहे.

दादा